दोन शपथांमधला देश
डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातलं साहित्य आणि आपलेपणाचा प्रश्न

शाळेच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला प्रतिज्ञा असते. ती १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने लिहिली आणि पुढे देशभरच्या भाषांत उतरली. तिच्यात देशावरचं प्रेम आहे, देशबांधवांविषयीचा जिव्हाळा आहे, वडीलधाऱ्यांचा मान आहे. तिच्या सतरा वर्षं आधी, २३ मे १९४५ रोजी, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले आणि त्यांनीही एक शपथ घेतली. तिच्यात देशाचं नाव नव्हतं. वेठ करायची नाही, लग्नाच्या कर्जापोटी लग्नगडी म्हणून राबायचं नाही, ठरलेली मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या कामाला हात लावायचा नाही आणि एकी मोडायची नाही, असा तिचा रोखठोक आशय होता. देश, देशभक्ती आणि आपलेपण यांचा साहित्याने कसा शोध घेतला हे पाहायचं, तर या दोन शपथांमधलं अंतर मोजावं लागतं. डहाणू-तलासरीच्या पट्ट्याने जे सांगितलं, गायलं आणि लिहिलं, ते एकत्र ठेवून वाचलं की झरीची शपथ ही शाळेतल्या प्रतिज्ञेची पूर्वअट वाटू लागते. माणसाकडे देशप्रेम मागण्याआधी देशाने त्याला माणसांत धरलेलं असावं लागतं.

मराठी वाचकाच्या मनातलं देशभक्तीचं साहित्य बहुतेक या टप्प्याच्या पुढे सुरू होतं. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर समुद्राला उद्देशून कविता लिहिली. तिची आर्तता परदेशात अडकलेल्या मुलाची आहे. गोविंदाग्रजांचं ‘श्रीमहाराष्ट्रगीत’ प्रदेशाला सगुण रूप देतं, साने गुरुजींची गीतं त्याच भावनेला सेवेकडे वळवतात. या सगळ्यांत गाणाऱ्याचं देशाशी असलेलं नातं आधीच पक्कं आहे. मायभूमी आपली आहे की नाही ही शंका त्याला शिवत नाही. तिच्यासाठी काय करावं, एवढीच तळमळ असते. बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९८३ साली मांडलं, की राष्ट्र ही कल्पनेने जोडलेली बिरादरी असते आणि कादंबरी व वर्तमानपत्र ही ती जोडणारी साधनं असतात. एकमेकांना कधीही न भेटणारी माणसं एकच छापील मजकूर वाचतात आणि ‘आपण’ होतात. मराठी मध्यमवर्गाच्या बाबतीत हे पटण्यासारखं आहे. पण छापील कागद म्हणजे सावकाराची वही किंवा जंगलखात्याची नोटीस, असाच ज्यांचा अनुभव होता, त्यांच्या पाड्यावर हे राष्ट्र कोणत्या वाटेने पोचलं, याचं उत्तर अँडरसनच्या मांडणीत सापडत नाही. ते शोधायला डहाणूला उतरावं लागतं.

हा पट्टा लहान आहे, पण त्यात आपलेपणाच्या कितीतरी तऱ्हा दाटीने राहतात. पश्चिमेला समुद्र, मच्छीमारांची गावं, घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या; पूर्वेला डोंगर आणि वारल्यांचे पाडे; उत्तरेला तलासरी आणि तिच्यापलीकडे आज गुजरातेत असलेलं संजाण; ईशान्येला कधीकाळी पोर्तुगिजांच्या ताब्यात असलेलं सिल्वासा. यातली लिखित स्वरूपातली सर्वांत प्रसिद्ध कथा संजाणची. नवसारीच्या बहमन कैकोबाद या पारशी धर्मगुरूने १५९९च्या सुमारास फारसी पद्यात ‘किस्सा-ए-संजाण’ लिहिला. इराणातून निघालेले जरथुष्ट्री लोक संजाणच्या किनाऱ्याला लागतात आणि राजा जादी राणाकडे आसरा मागतात. दुधात साखर विरघळल्याची जी गोष्ट आपण सगळे सांगतो, ती या काव्यात नाही, ती लोकपरंपरेतली. काव्यात अटी आहेत. आपली भाषा सोडून इथली बोला, स्त्रियांनी इथला वेश घालावा, शस्त्रं खाली ठेवावीत, लग्नं सांजवेळी लावावीत. साखरेची गोष्ट आपलेपणाचा गोडवा सांगते, मूळ काव्य मात्र आपलेपणाचा करार मांडतं.

त्या कराराचा शेवट अधिक बोलका आहे. काही शतकांनी सुलतानाचं सैन्य संजाणवर चालून येतं तेव्हा, ज्यांना शस्त्रं टाकायला सांगितली होती, तेच पारशी राजाच्या बाजूने शस्त्रं उचलतात. संजाण पडतं, पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बहरोटच्या डोंगरात बारा वर्षं लपवला जातो आणि पुढे मजल-दरमजल करत १७४२ साली उदवाड्याला पोचतो. घटनांनंतर काही शतकांनी लिहिलेल्या या काव्यावर इतिहास म्हणून किती भिस्त ठेवावी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते रास्तच आहेत. पण एका समाजाने आपल्या आगमनाची आठवण कोणत्या रूपात जपायचं ठरवलं, याचा तो पक्का पुरावा आहे. आपण इथले कसे झालो, या प्रश्नाला या समाजाने दिलेलं उत्तर दोन कलमी आहे: आधी अटी ठरल्या, मग त्या भूमीसाठी रक्त सांडलं. भक्तीच्या आधी करार, हा क्रम इथल्या या जुन्या लिखित कथेतच दिसतो.

किस्सा राजाशी बोलतो. रानाशी बोलत नाही. त्या रानातल्या माणसांचं साहित्य वेगळ्या तोंडाने चालत आलं. वारली लग्नात चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी बसते आणि धवलेरी लग्नगीतं गाते. धवलेरी ही बाई असते आणि तिच्या गाण्याखेरीज लग्न लागत नाही. पीक घरात येतं तेव्हा भगत घांगळीच्या साथीने कणसरीची कथा लावतो. कणसरी म्हणजे धान्यदेवता, धरतरी म्हणजे भूमी, गावतरी म्हणजे गाय. या कथांमधलं नातं मालकीचं नाही. जमीन माणसाची असण्यापेक्षा माणूस जमिनीचा देणेकरी असतो आणि धान्याचा अनादर केला की कणसरी रुसते. यात राष्ट्र कुठे आलं, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो योग्य आहे. इथे राष्ट्र नाही, आणि ओढूनताणून ते शोधणं म्हणजे गाण्यावर आपला शिक्का मारणं. पण आपलेपण आहे, आणि ते फार नेमकं आहे. कोणत्या डोंगराला काय द्यायचं, वाघदेवाला कुठे मानायचं, पाऊस आणणाऱ्या नारनदेवाला केव्हा आळवायचं, याचा हिशेब या मौखिक साहित्यात पिढ्यान् पिढ्या मांडलेला आहे. भूमीला माता म्हणण्याची कल्पना वारल्यांना देशभक्तीच्या कवितेकडून शिकावी लागली नाही. त्यांची अडचण वेगळी होती: माता तिथेच होती, पण तिचा सातबारा दुसऱ्याच्या नावे झाला होता.

हे कसं घडलं, ते कागदांत सापडतं. इंग्रजी अमलात जंगल राखीव झालं, जमिनीची मोजणी होऊन ती पैशात बोलू लागली आणि सारा, खावटी, लग्नाचा खर्च या वाटांनी ती सावकार-जमीनदारांकडे गेली. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली लग्नगडी झाला. कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा आयुष्यभर, त्याने आणि त्याच्या बायकोने सावकाराकडे राबायचं. १९३०च्या दशकाअखेरीस डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात ही वेठ नोंदली. के. जे. सावे यांचं ‘द वारलीज’ हे पुस्तक १९४५ साली, म्हणजे झरीच्या शपथेच्याच वर्षी आलं. दोन्ही मोलाची आहेत, पण त्यांत वारली हा वर्णनाचा विषय आहे. अहवाल त्याच्याविषयी आहे, त्याला उद्देशून नाही. वारली वाक्याचा कर्ता होताना दिसतो तो याच लढ्यातल्या कार्यकर्त्या गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये. १९७० साली आलेल्या या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७५ साली ते इंग्रजीत आलं तेव्हा त्याच्या नावाचा अर्थ ‘आदिवासींचा उठाव’ असा झाला. मराठी नावात आदिवासी नाही, वारली नाही, शेतकरी किंवा कामगारही नाही, माणूस आहे. एका कम्युनिस्ट कार्यकर्तीने वर्गाचं नाव सोडून हा शब्द निवडला, यातच पुस्तकाचं मर्म आहे. ज्याच्या माणूसपणाचीच नोंद नाही, त्याला नागरिक, कामगार किंवा देशभक्त यांपैकी काहीही म्हणणं घाईचं ठरतं.

पुस्तकाची वीण पाहिली तर त्यात भाषणं कमी आणि व्यवहार जास्त आहे. १९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला शेतकरी परिषद होते, तिथे गेलेले वारली झरीला सभा मागतात, शपथ होते, आणि मग लढा गवतावर येतो. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी दिसायला किरकोळ. पण कामाला भाव असतो आणि तो आपण सांगू शकतो, ही कल्पनाच त्या रानात नवी होती. लेखिका भीतीचा इतिहास लिहिते. मालकासमोर मान वर न करणारा माणूस दर सांगू लागेपर्यंत त्याच्या आत काय काय मोडतं आणि काय उभं राहतं, ते ती टिपते. ऑक्टोबर १९४५मध्ये तलवाड्याला, गोदावरीबाई संकटात आहेत असं कानावर घालून जमवल्या गेलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी त्यात पडले. देशासाठी प्राण देणाऱ्यांची जी यादी आपण मनात बाळगतो, तिच्यात ही पाच नावं सहसा नसतात.

इथे सर्वांत जड आक्षेप येतो. हा वर्गलढा होता, राष्ट्रलढा नव्हे. देश स्वातंत्र्याच्या उंबऱ्यावर असताना तो मजुरीच्या दरासाठी भांडत होता आणि त्याचा झेंडाही वेगळा होता. यातली वस्तुस्थिती खरी आहे. लाल बावटा तिरंगा नव्हता आणि १९४६च्या अखेरीस परुळेकर दांपत्याविरुद्ध हद्दपारीचे हुकूम निघाले, ते बाळासाहेब खेरांच्या लोकनियुक्त मंत्रिमंडळाच्या काळात. ज्या खेरांनी आदिवासींसाठी सेवा मंडळ काढलं, त्यांच्याच राजवटीत हे व्हावं, यातून त्या काळाची गुंतागुंत दिसते. पण राष्ट्र आधी आणि समता मागाहून, हा क्रम खुद्द घटनाकारांना मान्य नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं, की आपण अजून राष्ट्र झालेलो नाही, आणि राजकारणात समता पण समाजजीवनात विषमता अशी विसंगती फार काळ टिकवली तर लोकशाहीच धोक्यात येईल. त्या कसोटीवर झरीची शपथ राष्ट्रबांधणीच्या कामात अगदी मध्यभागी येते. मताचा अधिकार मिळण्याआधी त्या माणसांनी स्वतःच्या शरीरावरचा अधिकार परत घेतला. लग्नगड्याचं मत त्याच्या सावकाराच्याच खिशात गेलं असतं.

दुसरा आक्षेप आतल्या बाजूने येतो आणि तो अधिक बोचरा आहे. गोदावरीबाई पुण्याच्या वकिलाच्या घरातल्या; जागं होणारा माणूस वारली असला तरी लेखणी त्याची नाही. शहाद्याच्या चळवळीतले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा रोख नेमका इथे आहे: व्यासपीठावरचे लोक खाली बसलेल्यांनाच त्यांचं दुःख समजावून सांगतात आणि ते दुःख खाली बसलेल्यांचंच राहतं, व्यासपीठावरच्यांचं कधी होत नाही. १९७९च्या भद्रावती संमेलनापासून आदिवासी साहित्याने हीच मागणी लावून धरली, आणि भुजंग मेश्राम यांच्या ‘उलगुलान’सारख्या संग्रहांनी तिला भाषेचा जाळ दिला. हा आक्षेप निम्मा मान्य करायलाच हवा. परुळेकरांच्या पुस्तकात धवलेरीचं गाणं क्वचितच ऐकू येतं. अंधश्रद्धा आणि श्रद्धा यांतली सीमारेषा लेखिका कार्यकर्तीच्या घाईने आखते. बंगाली लेखिका महाश्वेतादेवींच्या ‘अरण्येर अधिकार’ या कादंबरीवरही अशी टीका करता येते. उरलेल्या निम्म्याचं उत्तर मात्र पुस्तकच देतं. त्याचा शेवट लेखिकेच्या गौरवात होत नाही; ती जिथे नव्हती, हद्दपार होती, तिथेही संप चालू राहिला. प्रातिनिधिक लेखनाची कसोटी लेखकाच्या जन्मावर थांबत नाही. ज्यांच्याविषयी लिहिलं ते लेखकावाचून उभे राहू शकतात, हे त्या लेखनाला दिसलं की नाही, हे पाहावं लागतं. परुळेकरांना ते दिसलं होतं.

याच पट्ट्यात, झरीच्या शपथेच्याच वर्षी, आपलेपणाचा एक हलक्या पावलांचा प्रयोगही सुरू झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५च्या अखेरीस बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मूल गुरं राखायला जातं म्हणून शाळेत येत नाही, तर शाळाच कुरणात न्यावी, या साध्या विचारातून कुरणशाळा निघाली. अंगणवाडीची कल्पनाही याच मातीतली. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक देशभक्तीच्या कपाटात कुणी ठेवणार नाही. पण राष्ट्राने माणसाकडे किती पावलं चालत यावं, याचा त्यात जितका बारकाईने विचार आहे, तितका पोवाड्यांत आढळत नाही. शाळा पाड्यावरची बोली पुसते, मुलाला प्रमाण मराठीत ओढते आणि त्याला स्वतःच्याच आजीपासून तोडते, ही शंका इथे घ्यायला हवी. ती निराधार नाही. तरी कुरणशाळेने मुलाच्या दिनक्रमापुढे स्वतःचं वेळापत्रक वाकवलं, हे विसरता येत नाही. संजाणच्या किनाऱ्यावर अटी येणाऱ्याला पाळायच्या होत्या. कोसबाडला त्या बोलावणाऱ्याने स्वतःवर घालून घेतल्या.

सीमांच्या बाबतीत हा पट्टा आणखी स्पष्ट बोलतो. पोर्तुगिजांच्या ताब्यातले दादरा आणि नगरहवेली १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुक्त झाले. तलासरीच्या बाजूने लाल बावट्याचे वारली कार्यकर्तेही त्यात उतरले, पण मराठी आठवणीत तो प्रसंग सुधीर फडक्यांसारख्या नामवंतांच्या सहभागामुळे जागा राहिला. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १९६०च्या निकालात १७७९चा पेशव्यांशी झालेला तह आणि मराठी सनदा तपासल्या गेल्या. पेशव्यांनी वर्षाकाठी बारा हजारांच्या महसुलाची गावं दिली होती. सार्वभौमत्व दिलं नव्हतं, असा निष्कर्ष निघाला. जमीन कुणाची, हा प्रश्न हेगपर्यंत गेला आणि तिथेही बोललं गेलं ते महसूल घेणाऱ्यांविषयी. त्याच वर्षी, १ मे १९६०ला, द्वैभाषिक मुंबई राज्य मोडलं आणि उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग संजाणसह गुजरातेत गेला. झरी तलासरीबरोबर महाराष्ट्रात राहिली. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत बेळगाव-कारवारबरोबर उंबरगावचंही दुःख आहे, आणि ते खरं आहे. मात्र भाषेच्या आधारावर रेघ मारणाऱ्या दोन्ही बाजूंनी वारलीला आपापल्या भाषेची बोली ठरवलं. ज्यांची सोयरीक रेघेच्या दोन्हीकडे होती, त्यांच्या बोलीला स्वतःचा प्रदेश मागण्याची सोयच राहिली नाही. भाषिक राष्ट्रीयतेच्या साहित्यात विरहाला जागा मिळाली, मधल्या माणसाला मिळाली नाही.

राष्ट्राने वारल्यांना आपलं केलंच नाही, असं म्हणणंही एकांगी होईल. गंजाडचे जिव्या सोमा मशे १९७०च्या दशकात कागदावर चित्रं काढू लागले, २०११ साली पद्मश्री झाले, आणि सुवासिनींनी लग्नघरात तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकाची रेषा पर्यटनाच्या जाहिरातींपासून साड्यांपर्यंत सगळीकडे पोचली. हा सन्मान खोटा नव्हता. पण खूण म्हणून मिरवलं जाणं आणि विचारात घेतलं जाणं यांत फरक आहे. चित्रातला तारपा सगळ्यांना पाठ असतो. पालघटेसमोर गायलं जाणारं गाणं ऐकायला थांबणारे थोडे.

राहतो तो सर्वांत मूलभूत आक्षेप. देशप्रेम ही उदात्त भावना आहे. तिला मजुरी, सातबारा आणि अटी यांच्या पातळीवर आणणं म्हणजे तिचा अपमान, आणि प्रत्येक गटाने आपल्या हिशेबाने देश मागितला तर देश उरेल काय? टागोरांनी ‘घरे बाइरे’ या १९१६च्या कादंबरीत याच प्रश्नाची उलट बाजू दाखवली होती: विलायती कापडाची होळी करणारा आवेश गावातल्या गरीब विक्रेत्यालाच उद्ध्वस्त करतो. देशाच्या नावाने उठलेली भावना देशातल्या माणसाला पाहीनाशी झाली की ती उदात्त राहत नाही, हे त्यांचं निदान होतं. डहाणू-तलासरीचं साहित्य हेच पाड्यावरून सांगतं. हिशेब मांडल्याने भावना हलकी होत नाही; हिशेब चुकता झाला की तिला घर मिळतं. संजाणच्या पारशांनी आधी अटी पाळल्या आणि मग त्या भूमीसाठी ते लढले. झरीच्या वारल्यांनी आधी वेठ झुगारली, आणि नऊ वर्षांनी त्यांच्यातलेच काही पोर्तुगिजांच्या सीमेवर उभे राहिले. देश फुटण्याची भीती या क्रमाने खरी ठरत नाही. उलट तो जोडला जाताना दिसतो.

हा प्रश्न जुना झालेला नाही. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाढवणच्या बंदराला १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने मनाई केली होती. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, आणि २०२४मध्ये ७६ हजार कोटींहून मोठा प्रकल्प म्हणून केंद्राने त्याला मंजुरी देऊन भूमिपूजन केलं. बंदर व्हावं की नाही, याचा निवाडा साहित्य करू शकत नाही. पण ‘राष्ट्रहित’ हा शब्द किनाऱ्यावर उतरतो तेव्हा त्यात मच्छीमार आणि वारली वाक्याचे कर्ते आहेत की कर्म, हे तपासायला साहित्यानेच शिकवलं आहे. आज तलासरीच्या एखाद्या आश्रमशाळेतली मुलगी सकाळी रांगेत उभी राहून प्रतिज्ञा म्हणते, ती मनापासून म्हणत असेल. तिच्या पुस्तकात झरीची शपथ छापलेली नाही. मात्र या मुलीला सावकाराच्या गोठ्यात राबायला न जाता रांगेत उभं राहता येतं, ते त्या न छापलेल्या शपथेमुळे. दोन्ही शपथा एकाच पुस्तकात, लागोपाठच्या पानांवर आल्या, तर देश म्हणजे काय हे तिला वेगळं शिकवावं लागणार नाही.